डीबीसीवरून सी पार्सर जनरेट करताना: बिट उचलणं सोपंय, बाकीचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की टिपर-ट्रकसाठी टेलिमॅटिक्स बॉक्स बनवताय, ओईएमकडून (गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून) आलेली डीबीसी फाईल हातात आहे (कॅनवर, म्हणजे गाडीतले कंट्रोलर जोडणाऱ्या नेटवर्कवर, कुठला सिग्नल कुठल्या मेसेजमध्ये कुठे आहे ते सांगणारी), शेकड्यांनी मेसेज, आत्तापर्यंत प्रत्येक सिग्नलचं शिफ्ट-मास्क (बिट सरकवून हवे तेवढेच ठेवणं) हाताने लिहिलं आणि आता नवीन व्हेरिएंटमध्ये निम्मे सिग्नल जागचे हललेत. म्हणून सी कोड जनरेट करायचाय. तयार टूल घ्यावं की स्वतःची स्क्रिप्ट लिहावी, आणि काही सिग्नल एकदम बरोबर येतात तर काही "खरे वाटतात पण खरे नसतात" असे का येतात, हे विचारलंय.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. कॅनटूल्स नावाची पायथॉन लायब्ररी आहे, ओपन सोर्स, एमआयटी लायसन्स, तिच्यात सी कोड जनरेट करायची कमांड तयारच आहे. आधी ती चालवा. प्रत्येक मेसेजसाठी एक स्ट्रक्ट, एक पॅक (फ्रेम भरणारं), एक अनपॅक (फ्रेममधून वाचणारं), आणि प्रत्येक सिग्नलसाठी एन्कोड, डिकोड आणि रेंजमध्ये आहे का बघणारं फंक्शन, एवढं फुकटात मिळतं. तुमच्या कंट्रोलरवर फ्लोट परवडत नसेल तर फ्लोटशिवाय जनरेट करायचा ऑप्शनपण आहे. ते पुरलं नाही, म्हणजे तुमच्या कोडिंग गाईडलाईन वेगळ्या, नावं वेगळ्या पद्धतीची हवीत वगैरे, तर कॅनटूल्स फक्त फाईल वाचायला वापरा आणि पुढचा कोड जिंजा (पायथॉनची टेम्प्लेट लायब्ररी) टेम्प्लेटमधून स्वतः काढा. पण डीबीसी वाचायचं काम रेग्युलर एक्स्प्रेशनने करायला जाऊ नका. कितीही सोपी दिसली तरी ती फाईल सोपी नाहीये, कॉमेंटमध्ये नवीन ओळी येतात, अवतरण चिन्हं येतात, आणि युनिटमधलं डिग्रीचं चिन्ह बहुतेक वेळा यूटीएफ-८ मध्ये नसतंच, विंडोजच्या जुन्या १२५२ एन्कोडिंगमध्ये असतं, त्यामुळे स्क्रिप्ट पहिल्याच तापमानाच्या सिग्नलला गचकते आणि मग लोक "एरर इग्नोर" टाकून पुढे जातात. असो.

आता दुसरा भाग, म्हणजे खरे वाटणारे पण खोटे सिग्नल. इथे जरा वेळ काढून वाचा कारण तुमचं निम्मं दुखणं यात आहे.

कॅन बॉशने १९८६ मध्ये डेट्रॉईटला एसएई काँग्रेसमध्ये जाहीर केलं तेव्हापासून क्लासिक फ्रेममध्ये डेटा ८ बाईटच. ६४ बाईट मिळाले ते कॅन एफडीमध्ये, म्हणजे २०१२ नंतर. त्यामुळे त्या ८ बाईटमध्ये १२ बिटचा स्पीड, ३ बिटचा गिअर, २ बिटचा स्टेटस असं कोंबून भरायची सवय इंडस्ट्रीला लागली, आणि कुठला सिग्नल कुठल्या बिटपासून सुरू होतो हे सांगायला डीबीसीत एका सिग्नलची एक ओळ असते. नावानंतर स्टार्ट बिट, मग उभी रेघ, मग लांबी, मग ॲट चिन्ह आणि ० किंवा १, मग अधिक किंवा उणे, मग कंसात फॅक्टर आणि ऑफसेट, मग चौकोनी कंसात कमीत कमी आणि जास्तीत जास्त, युनिट आणि शेवटी कोण रिसीव्ह करतं. ॲटपुढे १ म्हणजे इंटेल (खालचा बाईट आधी), ० म्हणजे मोटोरोला (वरचा बाईट आधी). अधिक म्हणजे अनसाईन्ड, उणे म्हणजे साईन्ड.

इंटेलमध्ये स्टार्ट बिट म्हणजे सिग्नलचा सगळ्यात खालचा बिट, तिथून वर मोजत जायचं, कुणाचा गोंधळ होत नाही. मोटोरोलात डीबीसी फाईलमधला स्टार्ट बिट हा सिग्नलचा सगळ्यात वरचा बिट असतो, पण बिटचे नंबर मात्र इंटेलसारखेच, म्हणजे पहिल्या बाईटमध्ये ७ पासून ० पर्यंत, दुसऱ्यात १५ पासून ८ पर्यंत. म्हणून मोटोरोला सिग्नल वाचताना बिट एकेक कमी करत जायचं आणि बिटचा नंबर ८ ने भागला जाणारा आला की त्यात १५ मिळवून पुढच्या बाईटच्या डोक्यावर उडी मारायची. जनरेटरमध्ये याचा सगळा कोड दोन ओळींचा आहे.

उदाहरण घ्या. सिग्नल आहे ३|१२@०+, फॅक्टर ०.१, किलोमीटर प्रति तास. फ्रेमचे पहिले दोन बाईट हेक्समध्ये ५२ आणि ३१. बरोबर वाचलं तर बिट ३ ते ० म्हणजे पहिल्या बाईटचा खालचा २, मग पूर्ण दुसरा बाईट ३१, मिळून हेक्स २३१, म्हणजे ५६१, म्हणजे ५६.१ किमी. हाच सिग्नल कुणी इंटेल समजून वाचला तर बाईट उलटे होऊन हेक्स ३१५२, ते ३ ने उजवीकडे सरकवून १२ बिटचा मास्क लावला की १५७८, म्हणजे १५७.८ किमी. भरलेला टिपर १५७ ने पळतोय हे बघून निदान संशय तरी येतो, पण हेच ऑईल प्रेशर किंवा ॲडब्लूची (डिझेलचा धूर साफ करणाऱ्या द्रवाची) लेव्हल असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, आकडा आकड्यासारखाच दिसतो.

आणि यात अजून एक पाचर आहे. हाच सिग्नल काही एडिटरच्या पडद्यावर किंवा सप्लायरच्या एक्सेल शीटमध्ये स्टार्ट बिट ८ असा दिसतो, कारण तिथे खालचा बिट दाखवायची पद्धत असते, आणि फाईलमध्ये मात्र ३ असतो. दोन्ही बरोबर आहेत. कुणीतरी एक्सेल बघून डीबीसी हाताने टाईप केली की काम झालं. तुम्ही म्हणताय की काही सिग्नल बरोबर आणि काही नाही, तर पहिल्यांदा बघा की चुकणारे सगळे मोटोरोला आहेत का आणि एका बाईटची सीमा ओलांडणारे आहेत का. एकाच बाईटच्या आत पूर्ण ८ बिट बसलेला सिग्नल असेल तर इंटेल काय न मोटोरोला काय, बाईट तोच, फक्त स्टार्ट बिटचा नंबर वेगळा लिहिलेला असतो.

कोड कसा निघावा याबद्दल माझं मत ठाम आहे. फ्रेमच्या बाईट ॲरेवर स्ट्रक्ट ठेवून सीच्या बिट-फील्डने वाचायचं हा मोह टाळा. बिट-फील्डचे बिट कुठून भरायचे हे सी स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय, त्यामुळे लॅपटॉपवर चालणारा कोड बोर्डवर वेगळंच काही सांगतो. पॉईंटर कास्ट करून १६ बिट एकदम उचलणं पण नको, कॉर्टेक्स-एम० वर पत्ता विषम आला की सरळ हार्ड फॉल्ट. बाईट बाईट उचला, आधी मोठ्या अनसाईन्ड टाईपमध्ये कास्ट करा आणि मगच शिफ्ट करा. हा कास्ट विसरला तर ८ बिटचा बाईट इंटमध्ये बढती घेतो आणि २४ ने सरकवला की साईन बिटवर जाऊन बसतो, ते अनडिफाईन्ड आहे. साईन्ड सिग्नल १२ बिटचा असेल तर वरचा बिट बघून उरलेले चार बिट १ ने भरायचे, हे पण जनरेटरनेच करायचं, माणसाच्या भरवशावर ठेवायचं नाही. कंपायलर एवढा हुशार आहे की हे सगळं शेवटी दोन-चार इन्स्ट्रक्शनमध्येच बसतं, स्पीडची काळजी करू नका.

एक राहिलं, फ्लोट. फिजिकल व्हॅल्यूवरून रॉ (फॅक्टर-ऑफसेट लावण्याआधीचा फ्रेममधला आकडा) काढताना (म्हणजे तुम्ही फ्रेम पाठवत असाल तर) ०.३ भागिले ०.१ हे डबलमध्ये २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं, आणि इंटमध्ये सरळ कास्ट केलं की २. म्हणून राउंड करूनच कास्ट करायचं. जनरेट झालेल्या एन्कोड फंक्शनमध्ये राउंडिंग आहे का हे एकदा डोळ्याने बघा, गृहीत धरू नका.

आता जे१९३९ (कॅनवर चालणारा ट्रकसारख्या जड गाड्यांचा प्रोटोकॉल) वाले लोक नेहमी विसरतात ते. तुमची गाडी ट्रक आहे म्हणजे बस बहुतेक जे१९३९ च असणार, २९ बिटचे आयडी. डीबीसीत इंजिन स्पीडच्या मेसेजचा म्हणजे ईईसी१ चा आयडी २३६४५४०१५८ असा भलामोठा दिसेल. कारण डीबीसीत एक्स्टेंडेड आयडी आहे हे सांगायला ३१ वा बिट १ केलेला असतो. तो काढला की हेक्समध्ये उरतं ०सीएफ००४एफई. (लिनक्सच्या सॉकेटकॅनमध्येही, म्हणजे त्याच्या कॅन इंटरफेसमध्येही, एक्स्टेंडेडचा फ्लॅग त्याच ३१ व्या बिटवर आहे, त्यामुळे तिथे योगायोगाने न काढताही जुळतं, आणि मग बोर्डवर आलं की जुळत नाही.) बरं, हा बिट काढला तरी बसवर जी फ्रेम येते तिचा आयडी असतो ०सीएफ००४००. शेवटचा बाईट म्हणजे पाठवणाऱ्याचा ॲड्रेस, इंजिन ईसीयूचा (इंजिनच्या कंट्रोलरचा) ०, आणि डीबीसीत तिथे एफई म्हणजे २५४, "कुणीही" अशा अर्थाने घातलेला. त्यामुळे स्विच-केसमध्ये आयडी जसाच्या तसा टाकणारा जनरेटर असेल तर एकही फ्रेम जुळणार नाही आणि तुम्ही दिवसभर टर्मिनेशन रेझिस्टर तपासत बसाल.

इथे जुळवायचं ते पीजीएनवर, म्हणजे आयडीत असलेल्या मेसेजच्या प्रकाराच्या नंबरवर. आयडी ८ ने उजवीकडे सरकवा, खालचे १८ बिट घ्या, ईईसी१ साठी ६१४४४ येतं. पण पीडीयू फॉरमॅटचा बाईट (पीजीएनच्या शेवटच्या दोन बाईटमधला वरचा) २४० पेक्षा कमी असेल तर त्यानंतरचा बाईट हा पीजीएनचा भाग नसून डेस्टिनेशन ॲड्रेस असतो, तो शून्य करून मगच तुलना. हा नियम टेम्प्लेटमध्ये एकदा लिहा, मेसेज कितीही असोत. आणि डीएम१ (चालू बिघाडांचे कोड) सारखे जे मेसेज ८ बाईटच्या पुढे जातात ते ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलने तुकड्यात येतात, ते जोडायचं काम पार्सरच्या आधीच्या लेयरचं, जनरेट केलेल्या अनपॅकला जोडलेला पूर्ण बफर द्यायचा.

आता जे१९३९ मधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. इंजिन स्पीड, एसपीएन (जे१९३९ मधला सिग्नलचा नंबर) १९०, २४|१६@१+, फॅक्टर ०.१२५. चौथा बाईट हेक्स ६८, पाचवा १३, म्हणजे हेक्स १३६८, म्हणजे ४९६८, गुणिले ०.१२५ म्हणजे ६२१ आरपीएम. गाडी आयडलिंगला उभी आहे, छान. आता इग्निशन ऑन पण ईसीयूकडे व्हॅल्यू नाहीये, तो दोन्ही बाईट एफएफ पाठवतो. ६५५३५ गुणिले ०.१२५ म्हणजे ८१९१.८७५. कूलंट टेंपरेचर, एक बाईट, ऑफसेट उणे ४०, एफएफ आला की २५५ वजा ४०, २१५ डिग्री. डॅशबोर्डवर कुठेही ८१९१.८७५ किंवा २१५ दिसलं की समजायचं, पार्सरने "माहिती उपलब्ध नाही" हा निरोप आकडा समजून पुढे ढकलला. फ्लीट मालकाला मध्यरात्री इंजिन ओव्हरहीटचे एसएमएस जातात ते असेच.

जे१९३९ मध्ये एका बाईटच्या सिग्नलसाठी हेक्स एफए पर्यंत म्हणजे २५० पर्यंत खरी व्हॅल्यू, एफई म्हणजे एरर आणि एफएफ म्हणजे उपलब्ध नाही. दोन बाईटच्या सिग्नलला वरच्या बाईटवर हाच नियम, म्हणून इंजिन स्पीडची खरी मर्यादा ६४२५५ रॉ, म्हणजे ८०३१.८७५. ही तपासणी रॉ व्हॅल्यूवरच करायची, फॅक्टर लावण्याआधी. आणि नुसता आकडा परत करणारं फंक्शन जनरेटच करू नका. माझ्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक गेटर (सिग्नलची व्हॅल्यू देणारं फंक्शन) दोन गोष्टी देतो, व्हॅल्यू आणि एक स्टेटस: ठीक, एरर, उपलब्ध नाही, जुनी झाली. जुनी झाली म्हणजे टाईमआउट, त्यासाठी डीबीसीत मेसेजच्या सायकल टाईमचा ॲट्रिब्यूट असतो तो वाचायचा, त्याच्या काही पट वेळ गेला की व्हॅल्यू जुनी. ॲट्रिब्यूट भरलेलाच नसेल, आणि बऱ्याचदा नसतो, तर जनरेटरने बिल्ड थांबवावं आणि माणसाला विचारावं. मनाने १०० मिलिसेकंद धरू नये.

हेच तत्त्व बाकी ठिकाणी. डीबीसी म्हणजे बिट कुठे आहेत याचा नकाशा, त्यांचा अर्थ काय हे ती अर्धवटच सांगते, आणि ज्या ठिकाणी ती गप्प आहे तिथे जनरेटरने अंदाज बांधला की तो अंदाज शेकडो फंक्शनमध्ये एका झटक्यात छापला जातो. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये निदान एकाच ठिकाणी चुकतं. कुठे कुठे गप्प असते ते सांगतो. मिन-मॅक्सच्या जागी [०|०] असेल तर त्याचा अर्थ "भरलेलं नाही" असा, शब्दशः घेतलं तर शून्य सोडून सगळं रेंजबाहेर. चेकसम आणि काउंटर हे डीबीसीत साध्या सिग्नलसारखे दिसतात, पण चेकसम कसा काढायचा हे फाईलमध्ये कुठेच नसतं. ऑटोसारच्या (गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं स्टँडर्ड) ई२ई प्रोफाईल १ मध्ये, म्हणजे डेटा बिघडला का हे तपासायच्या पद्धतीत, तर एक डेटा आयडी हिशोबात घेतात जो बसवर पूर्ण पाठवलाही जात नाही, आणि काउंटर ० ते १४ फिरतो, १५ वर जात नाही. हे ओईएमकडून लेखी मागून घ्या आणि वेगळ्या कॉन्फिग फाईलमध्ये ठेवा, जनरेटर दोन्ही फाईल एकत्र वाचेल.

मल्टिप्लेक्स मेसेज असतील तर अजून जपून. एकाच आयडीवर पान ०, पान १, पान २ असा वेगवेगळा डेटा येतो, मल्टिप्लेक्सर सिग्नल बघून कुठलं पान ते ठरतं. स्ट्रक्टमध्ये मात्र सगळ्या पानांचे मेंबर एकत्र असतात. आत्ता पान २ ची फ्रेम आली तर पान ० च्या मेंबरमध्ये जुनी व्हॅल्यू असेल, शून्य असेल किंवा नुसता कचरा असेल, आणि वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नाही. प्रत्येक पानाला वेगळा स्टेटस आणि वेगळा टाईमस्टँप द्या. मेमरी थोडी जास्त जाईल, जाऊ दे.

किरकोळ पण त्रास देणाऱ्या गोष्टी: फाईलमध्ये ३२२१२२५४७२ या आयडीचा एक मेसेज सापडेल ज्याच्या नावात व्हेक्टर आणि इंडिपेंडंट असं काहीतरी असतं, तो खरा मेसेज नाही, कुठल्याच मेसेजला न जोडलेले सिग्नल एडिटर तिथे टाकतो, तो गाळा. ३२ अक्षरांपेक्षा लांब नावं कापलेली असतात आणि पूर्ण नाव वेगळ्या ॲट्रिब्यूटमध्ये असतं, ते न बघता एनम बनवलं तर दोन नावं एकसारखी निघतात. व्हॅल्यू टेबलमध्ये "रिझर्व्ह्ड" चार वेळा असतंच, त्याला मागे आकडा जोडा. आणि कॅनटूल्स स्ट्रिक्ट मोडमध्ये "दोन सिग्नल एकमेकांवर चढलेत" किंवा "सिग्नल मेसेजमध्ये मावत नाही" म्हणून फाईल नाकारत असेल तर स्ट्रिक्ट बंद करून पुढे जाऊ नका. तो एरर म्हणजे सप्लायरला मेल टाकायचं निमित्त आहे. मेल टाका, सुधारलेली फाईल मागा, तोवर तो मेसेज वगळा.

जनरेट झालेल्या फाईलला हात लावायचा नाही हे सगळ्यांना पाठ असतं आणि डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी सगळे विसरतात. त्यावर मी करतो ते असं: जनरेट केलेला कोड गिटमध्ये ठेवतो (रिव्ह्यूमध्ये डिफ दिसावा म्हणून), पण सीआय (आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) दर वेळी डीबीसीवरून नवा कोड काढतो आणि ठेवलेल्याशी तुलना करतो, एक अक्षर वेगळं निघालं तरी बिल्ड फेल. हे चालायला हवं असेल तर आउटपुट दर वेळी तेच यायला पाहिजे, मेसेज आयडीप्रमाणे लावलेले, आणि हेडरमध्ये तारीख-वेळ नको, डीबीसी फाईलचा हॅश टाका. नवीन व्हेरिएंटची फाईल आली की नुसता डिफ बघून कळतं की कुठले सिग्नल हलले, तुमचं आत्ताचं दुखणं हेच तर होतं.

टेस्टिंगमध्ये एक चूक हमखास दिसते, पॅक करून अनपॅक केलं, तेच आलं, पास. दोन्ही एकाच जनरेटरने काढलेत, तो मोटोरोला उलटा समजला असेल तर दोन्ही बाजूंनी उलटाच समजणार. त्यामुळे खऱ्या गाडीचा कॅनडंप लॉग (बसवरच्या फ्रेमची नोंद) घ्या, तो पायथॉनमध्ये कॅनटूल्सच्या डिकोडने वाचा आणि तुमच्या सी पार्सरने वाचा, ओळ न ओळ जुळवा. सी कोडही कॅनटूल्सनेच काढला असेल तर ही तुलना पण पुरेशी स्वतंत्र नाही, मग दहा-पंधरा फ्रेम वहीत हाताने सोडवून ठेवा, वर दाखवलं तसं, त्यात किमान एक बाईट ओलांडणारा मोटोरोला, एक साईन्ड निगेटिव्ह, एक मल्टिप्लेक्स आणि एक सगळे एफएफ वाली असू दे. बाकी फझिंग (मुद्दाम वेडावाकडा डेटा देऊन टेस्ट) चालवा, कमी लांबीची फ्रेम दिली तर अनपॅकने एरर द्यायला हवा, शेजारची मेमरी वाचायला नको. हे सगळं गाडीशिवाय, लिनक्सवर व्हर्च्युअल कॅन इंटरफेस उघडून टेबलावरच होतं, चाकणला गाडी मिळायची वाट बघायची गरज नाही.

आणि हो, ओईएमची डीबीसी ही बहुतेक वेळा एनडीएखाली (गुप्ततेच्या कराराखाली) असते. ती कुठल्याही ऑनलाईन कन्व्हर्टरवर अपलोड करू नका, कितीही पटकन काम होत असलं तरी. इथे विचारताना पण मेसेज आणि सिग्नलची नावं बदलून विचारा. चुकणाऱ्या एका सिग्नलची ओळ, दोन-तीन रॉ फ्रेम आणि गाडीच्या क्लस्टरवर त्या क्षणी काय दिसत होतं एवढं टाका, बाईट ऑर्डरचा घोळ आहे की एफएफचा ते तेवढ्यावरून सांगता येईल.